जेसीबीचं औक्षण

काय सांगू आणि कुठल्या तोंडाने सांगू! तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते. पण आधी तोंडातला चहाचा घोट गिळून घ्या. मागे माझ्या नणंदेला हे सांगत होते, तर तिला असा ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

लोक महापालिकेला शिव्या देतात. मी ओवाळलं. कुंकू, अक्षता, निरांजन, सगळं साग्रसंगीत! आणि कशासाठी ओवाळलं, ते ऐकाल तर तुम्हीच मला ओवाळाल.

आमचं घर दिघीत. मिलिटरीच्या भिंतीच्या अलीकडे अर्ध्या-अर्ध्या गुंठ्यावर घरं उभी राहिली, त्यातलीच आमची गल्ली. कोणी बीडचं, कोणी साताऱ्याचं, मी बार्शीची. समोरच्या हौसाआक्का मात्र मूळच्या इथल्याच. ही सगळी जमीन त्यांच्या सासऱ्यांच्या ज्वारीची होती, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगतात. आपण त्यांच्या ज्वारीवर राहतोय, असं वाटून मग आपलाच पाय जरा हलका पडतो.

ह्यांची नोकरी चाकणच्या कंपनीत. सुट्टी मिळाली की घराला काहीतरी जोडायचं, हा ह्यांचा छंद. असाच त्यांनी दारापुढे कट्टा बांधला. शहाबादी फरशीचा, चार-पाच बायका ऐसपैस बसतील एवढा. त्याखाली काय आहे, हे तेव्हा कोण बघतंय? गल्लीत सगळेच पुढे सरकत होते. कोणी पायरी काढली, कोणी न्हाणी काढली, आम्ही कट्टा काढला.

मग हे गेले. मुलगा होसूरला कंपनीत असतो. रविवारी व्हिडिओवर दिसतो. म्हणजे अर्धं कपाळ आणि पंखा. लेक पुनावळ्याला, उंच इमारतीत. तिच्याकडे गेलं की खाली वॉचमन विचारतो, "किसके यहाँ?" मी म्हणते, "मुलीकडे." तो म्हणतो, "फ्लॅट नंबर?" तो मला ऐन वेळी कधीच आठवत नाही. मग लेक ऑफिसमधून फोनवर सांगते, तेव्हा मला आत सोडतात. आत गेले तरी घरात कोणी नसतंच. दोघंही कामावर. अकराव्या मजल्यावर बसून मी खाली बघते आणि भाजी निवडते.

तर इकडे घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मधूनमधून घुरघुरतो. एक दिवस मी त्याला "हो हो, येते" म्हणाले आणि दचकलेच. म्हटलं शोभा, हे लक्षण बरं नाही!

पण कट्टा होता म्हणून निभावलं. ऊन उतरलं की शेजारची मंगल लसूण घेऊन यायची. हौसाआक्का रस्ता ओलांडून यायच्या, हातात मिश्रीची डबी. आणखी दोघीचौघी यायच्या. मी मोठ्या पातेल्यात चहा टाकायचे. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या ओव्हरटाइमचं, कोणाच्या गुडघ्याचं, असं काहीबाही बोलणं चालायचं. दिवे लागले की सगळ्या आपापल्या घरी. तेवढं बोलणं मला रात्रभर पुरायचं.

आणि मग वास सुटला.

गल्लीतलं गटार तुंबलं हो! आधी थोडंसं पाणी साचलं, मग काळं झालं, मग त्याला बुडबुडे यायला लागले. मंगल नाकाला पदर लावून म्हणाली, "ताई, तुमच्याकडं बसावं वाटतंय, पण वास लई यायलाय बघा." ती गेली. मग दुसरी गेली. हौसाआक्का तेवढ्या चिवट. पण एके दिवशी त्यापण म्हणाल्या, "शोभे, म्हशीच्या गोठ्यात जलम गेला माझा, पर ह्यो वास न्हाई सोसत बाई."

त्या संध्याकाळी मोठ्या पातेल्यातला चहा मी एकटीने प्यायले. पिववेना, तरी प्यायले. आणि ठरवलं. काहीही होवो, गटार साफ झालंच पाहिजे. गटार साफ झालं तर वास जाईल, वास गेला तर बायका येतील. किती साधा हिशोब, नाही का?

महापालिकेच्या हेल्पलाइनवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे, अजून काही मदत?" मी म्हटलं, "नको, पण तू जेवलीस का?" पुढच्या आठवड्यात परत लावला. क्षेत्रीय कार्यालयात नागरिकांच्या तक्रारी ऐकायला सभा भरते, तिथेही जायला लागले. तिथे काय माणसं असतात म्हणून सांगू! एक आजोबा झाडाच्या फांदीसाठी येतात, एक बाई भटक्या कुत्र्यांसाठी. आमची ओळखच झाली. मी एखाद्या सोमवारी दिसले नाही, तर आजोबा त्या कुत्र्यांवाल्या बाईंना विचारायचे, "अहो, ते गटार नाही आलं का आज?"

शेवटी तिथल्या मोठ्या साहेबांना माझी दया आली असावी. त्यांनी कनिष्ठ अभियंता पाठवले. सावंतसाहेब. साहेब कसले, माझ्या मुलापेक्षा लहान! मूळचे कोकणातले, इथे खोलीवर एकटेच राहतात, मेसचं जेवतात. हे कळल्यावर मी त्यांना पोह्यांशिवाय सोडणार होते का?

त्यांनी गटाराला एक फेरी मारली. वाकून बघितलं. माझ्या कट्ट्याकडे बघितलं, परत गटाराकडे बघितलं, डोकं खाजवलं. मी त्यांना कट्ट्यावरच बसवलं आणि पोह्यांची बशी हातात दिली.

"काकू," ते म्हणाले, "पाइपलाइन बरोबर आहे. पण मध्ये एक अडथळा आहे. तो काढावा लागेल."

"मग काढा की साहेब! त्यात विचारायचं काय?"

"तुमची हरकत नाही?"

"माझी कशाला असेल?"

आता सांगा, तोंडात माझे पोहे, समोर मी लिंबाची फोड घेऊन उभी. बिचारा कुठल्या तोंडाने स्पष्ट सांगणार? त्याने नुसतं चमच्याने खाली बुडाशी दाखवलं. मला वाटलं, बशी संपली म्हणतोय. मी अजून वाढले!

मग मी माझ्या डोक्याने विचार केला. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. अडथळा म्हणजे कोणता? समोर बघितलं तर हौसाआक्कांचा सिमेंटचा हौद, चांगला रस्त्यात आलेला. मनात म्हटलं, अरे देवा! आक्कांचा हौद जाणार!

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या घरी गेले. हात हातात घेतला. म्हटलं, "आक्का, मनाला लावून घेऊ नका. सार्वजनिक काम आहे. कोणाचं तरी थोडं जाणारच."

आक्का मिश्री लावता लावता थांबल्या. "काय जातंय माझं?"

"कळेल. पण धीर धरा. मी आहे."

"आगं पर मला झालंय तरी काय? डाक्टर काय बोलला का तुला?"

त्यांनी त्याच दिवशी मुलाला सांगून बीपी तपासून घेतला. तो खरंच वाढलेला निघाला. माझ्यामुळे वाढला, की आधीपासूनच वाढलेला होता, देव जाणे!

दोन-चार दिवसांनी एक माणूस आला आणि माझ्या कट्ट्यावर लाल रंगाने भली मोठी फुली मारून गेला. मला वाटलं, मोजमापाची खूण. काम इथून सुरू होणार! मला कोण अभिमान! ती फुली पुसली जाऊ नये म्हणून मी पोरांना तिथे बसू देईना. कडेने चक्क रांगोळी काढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, आपल्या दारातून सुरुवात आहे."

मग प्रभागाच्या ग्रुपवर निरोप पडला, 'उद्या सकाळी आपल्या गल्लीतील ड्रेनेजच्या कामास प्रारंभ.' खाली ढीगभर हात जोडलेले.

आता आपल्याकडे कामाला प्रारंभ म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला हवं का? साधा स्पीडब्रेकर करायचा असला तरी आधी नगरसेवक येतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. नारळ फुटतो, भाऊ कुदळीचा एक घाव घालतात, फोटो निघतो, गल्लीतल्या बायका औक्षण करतात, पेढे वाटतात. कुदळीचा दुसरा घाव पडायला मग कितीही दिवस लागोत! मागच्या खेपेला दिव्याच्या खांबाचं भूमिपूजन झालं, तेव्हा मी माहेरी होते. औक्षणाचा मान मंगलला मिळाला. फोटोत तीच. या वेळी म्हटलं, तक्रार माझी, पाठपुरावा माझा, ताट माझंच!

पहाटे उठून न्हाले. ठेवणीतली हिरवी साडी नेसले. पोह्यांचं पातेलं चढवलं. कट्टा धुतला, पुसला, रांगोळी पुन्हा काढली. नारळ काढून ठेवला.

दहाच्या सुमाराला पांढरी गाडी आली. मागे पिवळा जेसीबी. गाडीतून सात-आठ माणसं उतरली. बरोबर दोन पोलिस. मी मनात म्हटलं, बघा, भाऊंचा बंदोबस्त! पुढे एक जाडसर, मिशीवाले साहेब. भाऊ काही दिसेनात. पण कधी कधी भाऊ उशिरा येतात आणि त्यांच्या वतीने दुसराच कोणी उरकून घेतो, हे मला ठाऊक होतं.

मी ताट घेऊन पुढे झाले.

"थांबा साहेब! असं कोरडं नाही आत यायचं."

मिशीवाले साहेब दोन पावलं मागे सरकले. ते पोलिसांकडे बघायला लागले. पोलिसही सावध झाले. त्यांना वाटलं, ताटात रॉकेल-बिकेल आहे की काय!

मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, पेढा भरवला. साहेबांचं तोंड असं झालं की काय सांगू! वीस ठिकाणी शिव्या खाल्लेला माणूस, त्याला कोणी पेढा भरवतंय!

"बाई," ते हळूच म्हणाले, "आम्ही कशासाठी आलोय माहीत आहे ना?"

"माहीत नसायला काय झालं? वर्षभर मीच मागे लागलेय तुमच्या!"

"नोटीस मिळाली होती?"

"मिळाली की! ग्रुपवर."

"आणि तुमची काही हरकत नाही? लेखी-बिखी काही?"

"अहो, हरकत कसली? लवकर करा. या वासाने आमच्या बायका यायच्या बंद झाल्यात!"

साहेबांनी टोपी काढली. मागे वळून माणसांना म्हणाले, "बघा रे! शिका काहीतरी. अशी नागरिक मी उभ्या नोकरीत पाहिली नाही." एकाने मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. मी पदर सारखा केला.

मग पोहे झाले. पोलिसांनी दोनदा घेतले. जेसीबीच्या ड्रायव्हरलाही खाली बोलावून दिले. त्यालाही कुंकू लावलं. जेसीबीच्या पुढच्या खोऱ्याला हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं आणि त्याच्याच दातावर नारळ फोडला. गल्लीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसाआक्का दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हटलं, धीर धरा.

"करायची सुरुवात?" साहेबांनी विचारलं.

"करा, करा!" मी म्हणाले. हात वर करून म्हणाले. व्हिडिओत आहे ते.

ड्रायव्हरने खोरं उचललं. मी आक्कांच्या हौदाकडे बघत होते. खोरं वळलं. इकडे वळलं. माझ्याकडे वळलं. माझ्या रांगोळीवर आलं आणि थेट फुलीवर बसलं. धाड!

शहाबादी फरशी पापडासारखी मोडली हो.

मी ओरडले, "अहो, इथे नाही! तिकडे!"

मिशीवाल्यांनी कपाळावरचं कुंकू पुसलं. "तिकडे कुठे? चेंबर या कट्ट्याखाली आहे. नाल्यावर बांधलंय ना हे?"

तेवढ्यात मागून मोटारसायकलवर सावंतसाहेब आले. त्यांच्याकडे बघितलं, तर मान खाली. "काकू, मी म्हणालो होतो ना… अडथळा."

माझ्याच तक्रारीवर, माझ्याच पोह्यांवर, माझ्याच नारळाने माझा कट्टा गेला! खालून चेंबर निघालं. त्यात काय काय सापडलं म्हणता? दोन चेंडू, एक चप्पल आणि माझीच चहाची पळी. ती मंगलने नेली असं मी दोन वर्षं मनात धरून होते, आणि ते नेमकं तेव्हा सगळ्यांदेखत माझ्या तोंडून निघून गेलं.

दुपारपर्यंत सगळं मोकळं झालं. पाणी खळाळून वाहायला लागलं. वास गेला. संध्याकाळी ग्रुपवर माझा फोटो आला. जेसीबीपुढे ताट घेऊन मी. खाली लिहिलेलं, 'जागरूक भगिनीने स्वतःहून अतिक्रमण हटवून घालून दिला आदर्श.' होसूरहून मुलाचा फोन, "आई, तू बरी आहेस ना?" बुधवार असून फोन केला त्याने!

हौसाआक्का आल्या. माझा हात हातात घेतला. "शोभे, मनाला लावून घिऊ नगं. सार्वजनिक काम हाय." आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मला परत त्यांच्या बीपीची काळजी लागली.

इथवर हसायचं. पुढचं जरा वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं. मी सवयीने मोठं पातेलं चढवलं. दारात आले, तर दारापुढे नुसती माती. बायका बाहेर पडल्या. मंगल लसूण घेऊन निघाली. माझ्या दारावरून गेली, समोर हौसाआक्कांच्या ओट्यावर जाऊन बसली. बाकीच्याही तिथेच. जसं काही वर्षानुवर्षं तिथेच बसत होत्या!

मी दार लोटून घेतलं. मला वाटायचं, या बायका माझ्याकडे येतात. तर त्या कट्ट्याकडे येत होत्या. इतकी वर्षं मी यजमानीण म्हणून मिरवत होते, आणि मान होता शहाबादी फरशीचा.

त्यांच्या हसण्याचा आवाज मला घरात ऐकू यायचा. कशावर हसतायत ते कळायचं नाही. मी टीव्ही मोठा करायचे. मग काही ऐकू आलं तर ऐकावं म्हणून बारीक करायचे. कोणीतरी बोलवायला येईल, असं वाटायचं. असे बरेच दिवस गेले. फ्रिजशी माझं पुन्हा बोलणं सुरू झालं. हेल्पलाइनला फोन लावावासा वाटायचा, पण तक्रार काय नोंदवणार? गटार वाहतंय, वास नाही, आणि कोणी येत नाही?

शेवटी एक दिवस अर्धा किलो मटार घेऊन, कोथिंबीर आणायला निघाल्यासारखी बाहेर पडले. मटार हातात घेऊन कोथिंबीर आणायला कोण जातं? पण सुचलं नाही दुसरं काही. आक्कांच्या ओट्यापाशी येऊन चपलेचा पट्टा नीट करायला लागले. चप्पल साधी होती. लावायचा पट्टाच नव्हता तिला.

"आगं ए शोभे," आक्का म्हणाल्या, "किती येळ वाकून ऱ्हातीस? बस की!"

"मला कुठे कोणी बोलावलं?" मी चपलेकडेच बघत म्हणाले.

"ओट्यावर बसायला आवतान लागतंय व्हय? आमी समजलो, तू फोटोत आल्यापासनं मोठी झालीस."

"आन् आमाला वाटलं, ताई चिडल्यात," मंगल म्हणाली. "पळीचं कळल्यापासून तर मला तुमच्या दारात यायची भीतीच वाटायलीय बघा!"

त्या सरकल्या. कोपऱ्यात थोडी जागा झाली. मी टेकले. आणि टेकल्या टेकल्या बुडाखाली काहीतरी गार, गोल, टोचणारं लागलं. हाताने चाचपलं. लोखंडी कडी.

आता चेंबरच्या झाकणाची कडी कशी असते, हे या गल्लीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी आकाशाकडे बघितलं.

आणि नेमका त्याच वेळी, नशीब बघा, मोटारसायकल थांबली. सावंतसाहेब!

"काकू! बरं झालं भेटलात. पाणी व्यवस्थित वाहतंय ना?"

"छान वाहतंय, साहेब."

"वरच्या बाजूचं एक चेंबर सापडत नाहीये. नकाशात इथेच कुठेतरी दाखवलंय. तुम्हाला गल्लीतलं सगळं माहीत असतं. बघितलंय का कुठे?"

मंगलचा लसूण हातातच राहिला. आक्कांनी मिश्रीचं बोट तोंडातून काढलंच नाही.

मी आयुष्यात कधी सरकारी माणसाशी खोटं बोलले नव्हते. जनगणनेला स्वतःचं वयसुद्धा खरं सांगितलं होतं!

"नाही हो," मी म्हणाले आणि पदर जरा पसरून घेतला.

"जरा उठता का? त्या कोपऱ्यात बघतो."

"गुडघे धरलेत, साहेब."

"लई धरलेत, सर!" मंगल म्हणाली.

"उठाया बसाया चार माणसं लागत्यात तिला," आक्का म्हणाल्या.

सावंतसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या मटारकडे बघितलं. मोटारसायकलला किक मारत ते म्हणाले, "मग राहू द्या, काकू. पाणी वाहतंय ना, झालं तर. काही तक्रार असली तर फोन करा."

"काही तक्रार नाही," मी म्हणाले.

तेव्हापासून माझी सुटका नाही. कोपऱ्यातली जागा माझी ठरली. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर आक्का दारात येऊन बोंब मारतात, "चल गं, सायेब यायचा!" परवा अंगात ताप होता, तर दोघींनी मला चादरीसकट उचलून नेऊन तिथे बसवलं. वर काढा पाजला.

महापालिकेला ते झाकण अजून सापडलेलं नाही. सापडणार कसं? ते रोज संध्याकाळी आक्कांच्या ओट्यावर मटार सोलत बसलेलं असतं.